अष्टमीची ओहोटी

पंचांगात अष्टमी दिसली, की मला अजून पेट्रोलचा आणि उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास येतो. महाराष्ट्र राज्य नवे होते, तेव्हा वडिलांनी लष्कराची जुनी जीप घेतली होती. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळे. आईला चालवत नव्हते, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि तिने समुद्र कधीच पाहिला नव्हता. "अष्टमीले भरदुपारी ओहोटी राहते," कोकणातल्या मित्राकडून शिकून आलेले वडील तिला म्हणाले, "ओल्या, घट्ट वाळूवरून तुले पार पाण्यापाशी नेतो." आई खाटेवरून हसली. "पैनगंगेच्या गाळात फसले होते तुम्ही, अन् आता समुद्रात नेता काय मले?" आत्याने मात्र पंचांग मिटले. "पितरपंधरवड्यात कोणी फिराले जाते काय? दसरा होऊ दे, मंग येईन त्या अष्टमीले जा." वडील आईकडे पाहत राहिले. "थांबू," आई म्हणाली, "समुद्र काही पळून नाही जाऊन राह्यला." घट उठण्याआधीच ती गेली. ठरलेल्या अष्टमीला वडील अंगणातल्या जीपमध्ये एकटे बसले होते. शेजारच्या जागेवर तिच्यासाठी अंथरलेली गोधडी तशीच होती. ऊन माथ्यावर आले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आता पाणी उतरलं असंन." आज मी समुद्राकाठच्या गावात राहते, अष्टमीच्या दुपारी मात्र वाळूकडची खिडकी लावून घेते.