रघूकाकांचा ओला पंचा

नव्या जागेवर आले की रघूकाका आधी पंचा भिजवीत. दोन बांबूंना सुतळी बांधून तो वाळत घालीत आणि दगडावर बसून राहत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, असे तीन दिवस. पंचा कुठल्या टोकाला आधी वाळतो हे पाहिल्याशिवाय ते कागदाला पेन्सिल लावीत नसत. "आदी वाऱ्याला इचार, मंग कागदाला," असे ते म्हणत.

पूर्ण नाव रघू भिकाजी. कांप दे मास्क गावचे गवंडी, माझ्या वडिलांचे मित्र, शाळा तिसरीपर्यंत. सत्तरच्या दशकात एका वादळाने बेटाच्या किनाऱ्यावरच्या माएबूर्गमधले आमचे लाकडी घर पाडले, तेव्हा वडिलांनी त्यांना बोलावले. जागा वीस फूट रुंद, सव्वाशे फूट लांब. आम्ही भाऊ तीन, म्हणून घरेही तीन हवी होती. परवान्यासाठी सही करणाऱ्या इंजिनियरने ती पाठीला पाठ लावून काढली होती.

"मुस्ये, सायेब," रघूकाका त्याला म्हणाले, "पाटच्या घरातल्यानी काय पुडच्यानी सोडल्याला श्वास घ्यायाचा?"

"पंखे आहेत ना."

"पंका वारा करीत नाय. हाय तोच फिरवतो."

त्यांनी दर दोन घरांमध्ये एक उघडा चौक सोडला आणि चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी बांधली. समुद्राकडचे घर बुटके ठेवले, मधले थोडे उंच, मागचे त्याहून उंच, म्हणजे वारा कोणाच्याच भिंतीला अडून परत जात नसे. पडलेल्या घराचे लाकूड खिडक्यांच्या झडपांना वापरले. चौकात जागा फुकट गेली म्हणून आई कुरकुरली. "वयनी, एक उन्हाला बसा तितं, मंग भांडा," ते म्हणाले. त्या उन्हाळ्यात आई भाजी निवडायला चौकात बसू लागली. ती पुन्हा भांडली नाही. रघूकाकांच्या नकाशावर सही मात्र इंजिनियरनेच केली होती.

मी तेव्हा राजधानीत, पोर्ट लुईच्या एका वर्तमानपत्रात होतो. माझ्या बातमीत नाव चुकत नाही, असा माझा लौकिक होता. संपादकांनी या घरांवर लेख मागितला. रघूकाकांना कळले तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून आले.

"बाबू, छाप्यात माजं नाव घाल. एक मंडल बारा लाकाझ, बारा घरं बांधनार हाय, अशाच अरुंद जागंवर. नाव दिसलं त काम गावंल."

"घालतो, काका."

फोटो काढायच्या दिवशी ते चौकात उभे राहिले. सदऱ्यावर पंचा, पाय अनवाणी. फोटोग्राफरशी अर्धे मराठी, अर्धे बेटावरचे क्रेओल बोलत होते, मोठ्याने. फोटोग्राफर शहरातला. त्याने मला विचारले, "तुझा नातलग?"

"नाही," मी म्हणालो, "कामगार आहे."

ते नातलग नव्हते, आणि कामगार होते. वाक्यात चूक नव्हती. रघूकाका चार हातांवर होते. त्यांनी पंचा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

लेखात रचनाकार म्हणून इंजिनियरचे नाव आले. रघूकाकांचे नाव संपादकांनी कापले नाही. मी ते लिहिलेच नव्हते. बारा घरे इंजिनियरला मिळाली आणि त्याने ती पाठीला पाठ लावून बांधली. रघूकाका पुन्हा गोठ्यांच्या भिंती बांधू लागले. देवळात भेटले तेव्हा मी विषय काढायला गेलो, तर म्हणाले, "पा गाञ त्राका, बाबू. काय कालजी नाय. वयनींच्या चौकात वारा येतो ना?" मी हो म्हणालो. माफी मागितली नाही.

ऐंशीच्या दशकात ते गेले. रेडिओवर सांगायची मृत्यूची सूचना लिहून घ्यायला त्यांची मुलगी पार्वती माझ्याकडे आली. मी लिहिले : रघू भिकाजी, घरांचे रचनाकार.

"ते खोडा, दादा," ती म्हणाली. "गवंडी लिवा. रेडिओवर आयकून लोक हसतील."

मी खोडले. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्या लेखाचे कात्रण काढून टेबलावर ठेवले. रघूकाकांनी ते जपून ठेवले होते.

"मीच वाचून दाकवला त्यांना. आपलं नाव दोनदा शोदाया लावलं. मंग म्हनले, छाप्यात जागा अरुंद आसंल, बाबू काय करील."

फोटोखाली एकच ओळ आहे : नव्या घरांच्या चौकात एक कामगार. ती स्तंभाच्या मध्यावर संपते. पुढे कोरा कागद आहे. रघू भिकाजी हे दोन शब्द तिथे सहज मावतात.