आमची काहीच अपेक्षा नाही

माझ्या लग्नाची बोलणी चहा निवायच्या आत आटोपली होती. सासरे म्हणाले, "आमची काहीच अपेक्षा नाही. मुलगी आणि नारळ द्या." माझे वडील या वाक्यावर इतके खूश झाले, की पुढे आयुष्यभर त्यांनी त्या घराविषयी वावगा शब्द ऐकून घेतला नाही, माझ्याकडूनही नाही. आमच्यात हे वाक्य म्हणजे घराण्याची लाज राखणारं वाक्य. ज्याला काही नको, त्याला समोरचा आपणहून मानाने देतो, अशी एक समजूत त्यामागे असते. नवऱ्याने ते वाक्य इथे अमेरिकेत, शॉमबर्गपर्यंत जपून आणलं.

आमची मुलगी बास्केटबॉल खेळते. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारी आणि बाकीच्यांनी कुठे पळायचं ते ठरवणारी. तिची उंची आम्हा दोघांच्या मानाने बरी आणि इथल्या मुलींच्या मानाने बेताची, त्यामुळे सगळं डोक्याने आणि पायांनी करायचं. शाळेची टीम होतीच, शिवाय उन्हाळ्यात क्लबच्या स्पर्धा. त्यांच्यापायी आम्ही आयोवा, इंडियाना, ओहायो पालथं घातलं, आणि मी हॉटेलच्या खोल्यांमध्ये चोरून राइस कुकरवर खिचडी लावली. तिला एकच हवं होतं. कॉलेजच्या टीमने तिला निवडून, स्कॉलरशिप देऊन बोलवावं. पैशांपेक्षा तिचा भर 'निवडून' या शब्दावर होता.

त्या दोन-तीन वर्षांत बाकांवर बसलेल्या आईबापांच्या गप्पा बदलल्या. आधी गुडघे आणि ग्रेड्स यांवर बोलणं व्हायचं, आता एजंट आणि फॉलोअर्स यांवर. कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, आणि दर वर्षी कॉलेज बदलायचीही. मग जिथे जास्त पैसे तिथे मुली जायला लागल्या, आणि कोच लोकांनाही शाळेतल्या कच्च्या पोरींपेक्षा दुसऱ्या कॉलेजात तयार झालेल्या बऱ्या वाटायला लागल्या. टीममधल्या एका मुलीची आई मला म्हणाली, "हनी, यू नीड अ गाय." तिला एजंट म्हणायचं होतं. गाडीत मी हे सांगितल्यावर नवरा म्हणाला, "एजंट? शिकायला जातेय की सिनेमात?" मला हसू आलं. तेव्हा येत होतं.

बारावीच्या वर्षी दोन कॉलेजं तिला विचारत होती. एक लहान, इथून जवळच, मक्याच्या शेतांमधलं. तिथला म्हातारा कोच तिच्या प्रत्येक सामन्याला यायचा आणि कोपऱ्यात बसून पॉपकॉर्न खायचा. दुसरं मोठं, मिशिगनमधलं. मुलीचा जीव त्या मोठ्यात अडकला होता.

पानगळीच्या दिवसांत आम्ही तिथे गेलो. काचेच्या एका खोलीत कोचबाई होत्या, आणि खेळाडूंना जाहिराती मिळवून देणारा एक तरुण होता. त्याने लॅपटॉप उघडून विचारलं, "तुमच्या काय अपेक्षा आहेत?"

नवऱ्याचा चेहरा असा उजळला, की जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो जन्मभर थांबला होता.

"नथिंग," तो म्हणाला. "वुई हॅव नो एक्स्पेक्टेशन्स. शी विल स्टडी, शी विल प्ले. दॅट इज ऑल."

तरुण हसला आणि त्याने लॅपटॉप मिटला. कोचबाईंनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. "वुई वाँट हर," त्या म्हणाल्या. सह्यांचं काम स्प्रिंगमध्ये करू, असंही म्हणाल्या.

परतताना मुलीने मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, आपण पेपर का नाही मागितला? एव्हरीवन साइन्स नाऊ."

"अगं, त्यांनी शब्द दिलाय. वर कागद मागायचा म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं झालं."

"बाबांचं बरोबर आहे," मी म्हणाले. खरंच तसं वाटत होतं.

घरी आल्यावर तिने मक्याच्या शेतातल्या कोचला फोन करून नकार कळवला.

थंडी सरत आली तेव्हा कोचबाईंचा फोन आला. मी मेथी निवडत होते. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला आणि मुलीला हाक मारली. दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं खेळलेली एक पॉइंट गार्ड त्यांना मिळाली होती. तिचे प्रायोजकही तिच्याबरोबर येणार होते. स्कॉलरशिप तिला द्यावी लागत होती. आमच्या मुलीला यायचं असेल तर आताही येता येईल, फक्त फी आमची आम्ही भरायची. टीमबरोबर सराव करता येईल, सामन्यात उतरायला मिळेलच असं नाही.

"तुमचं कुटुंब इतकं चांगलं आहे," कोचबाई म्हणाल्या, अगदी मनापासून. "काहीच अपेक्षा नाही म्हणाला होतात ना, म्हणून मला पहिले तुम्हीच आठवलात."

नवरा थँक यू म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला.

मी मेथी निवडत राहिले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं.

"सो दे थिंक आय ॲम फ्री," मुलगी म्हणाली आणि वर गेली. तिने दारही आपटलं नाही.

त्यानंतर घरात कुणी भांडलं नाही. आमटीत मीठ कमी पडलं तरी आवाज चढवणारी बाई आहे मी, पण मीही गप्प होते. मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी मुलीला विचारलं, "मग, कुठलं कॉलेज?" ती म्हणाली, "स्टिल डिसायडिंग, काकू," आणि त्यांना नीट वाकून नमस्कार केला. पोरगी जेवत होती, अभ्यास करत होती, सरावालाही जात होती. मी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बसायचे आणि उठल्यावर काय ठरलं ते मला सांगता यायचं नाही.

एका रविवारी नवरा गराजमध्ये येरझारा घालत होता. दारातून मला ऐकू येत होतं. "आय एक्स्पेक्ट... वुई एक्स्पेक्ट..." माणूस भाजीवाल्याशी कधी घासाघीस न करणारा. आत आला, टेबलाशी बसला आणि त्याने मक्याच्या शेतातल्या कोचला फोन लावला.

त्याने सगळं मागितलं. पूर्ण स्कॉलरशिप, याच आठवड्यात, लेखी. जाहिरातींचं काही असेल तर तेही. त्याचे कान लाल झाले होते, पण तो एकदाही अडखळला नाही.



"सर," म्हातारा म्हणाला, "फॉलमध्ये तुम्ही हे मागितलं असतंत, तर मी न वाचता सही केली असती. आता माझ्याकडे जागा नाही. ट्रान्सफर होऊन एक मुलगी आली." मग त्याने आमच्या मुलीचा डाव्या हाताचा पास किती चांगला आहे ते सांगितलं, आणि फोन ठेवला.

मुलगी जिन्यात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. खाली आली, तिने ग्लासात पाणी भरलं आणि बाबांसमोर ठेवलं.

"बाबा, दॅट वॉज गुड," ती म्हणाली. "यू आस्क्ड रिअली वेल."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी तिला रागावले असते, आणि मग कदाचित आम्ही तिघंही रडलो असतो.