बेलची दोरी सापडलीच नाही

मंडळी, दुपारपासून कोणाजवळ तरी बोलायचं होतं, म्हणून इथं लिहिते.

मी देवळी-वर्धा बसवर कंडक्टर आहे. दोन महिन्यांपासून भोवळ येते. डेपोत सांगितलं नाही, सांगितलं तर गाडीवरून उतरवतील.

आज सुट्टी टाकून वर्ध्याच्या दवाखान्यात तोल तपासायला गेले. मऊ गादीवर उभं केलं, वरून टांगलेला पट्टा कमरेला बांधला आणि डोळ्यांवर व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवला. समोर रस्ता धावायला लागला, झाडं डोलायला लागली. तपासणारी पोरगी म्हणाली, "ताई, कशालेच पकडू नका."

रस्ता खोटा आहे हे माहीत होतं. पण उतरायचं कुठून? तोल गेला आणि माझा हात आपोआप वर गेला. सिंगल बेल मारून गाडी थांबवायची, एवढंच सुचलं.

"ताई, वर काय शोधून राह्यल्या?"

दोरी नव्हती. पट्टा होता म्हणून पडले नाही. पट्टा नसता तर पडले असते, असं डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलं.

बाहेर थांबलेल्या नवऱ्यानं विचारलं, "काई निघालं का?"

मी म्हटलं, "काईच नाई."

तो कागद आता तिकिटांच्या बॅगेत आहे. उद्या सहाच्या गाडीत मी दाराशी उभी असेन, आणि तिथं पट्टा नाही.

अठरा वर्षं लोकांसाठी बेल मारून गाडी थांबवली. आज डेपोत सांगून स्वतःची गाडी थांबवायला मात्र हात वर जात नाही. तुम्ही बेल मारली असती?