शेजारणीचं सोवळं

आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावात ऊन पडलं की सगळी गल्ली कपडे वाळत घालायला बाहेर येते. आज 'ग्रँड ड्राइंग', म्हणजे कपडे वाळायला झकास हवा आहे, असं कुंपणावरून एकमेकींना सांगितलं जातं आणि चादरी संथ फुगत राहतात. असं बघता बघता माझी सुट्टीची अख्खी सकाळ निघून जाते. फक्त शेजारच्या जर्मन आजींची दोरी कायम रिकामी. त्यांचं सारं धुणं स्वयंपाकघरात, छताजवळच्या दांडीवर.

पुण्याहून आलेल्या माझ्या आईनं पहिल्याच आठवड्यात निकाल दिला: बाई कडक सोवळं पाळते, कपड्यांना शिवू नकोस. मी पोट धरून हसले. आईला इंग्रजी कळतं, बोलता येत नाही. तरी दोघींची चहाला गट्टी जमली. हॉस्पिटलची ड्यूटी नसेल तेव्हा दुभाषी मी.

त्या शनिवारी आजींचा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी डब्लिनहून नात यायची होती. शाळेत शिकून तिनं विचारलं होतं, नाझींची छळछावणी तुमच्या गावाला लागून होती, तुम्हाला माहीत नव्हतं? आजवर आजी सगळ्यांना 'नव्हतं' म्हणत आल्या. आता नातीला काय सांगू, असं त्या आम्हाला विचारत होत्या.

आई म्हणाली, आधी विचार, कपडे आत का वाळवतात. आजी वरच्या ओल्या टॉवेलकडे बघत राहिल्या. मग झोपेत बोलावं तसं हळू बोलू लागल्या. छावणीकडून वारा आला की अंगणातल्या धुण्यावर राख बसायची. मऊ, करडी. त्यांची आई सगळं पुन्हा धुवायची आणि त्यांनाही डोक्यावरून अंघोळ घालायची. घरातल्या शेगडीची राख मात्र नुसती झटकायची.

मला रडू आलं. आईनं आजींचा हात धरला. "कुणाच्या मयताला जाऊन आलं की आम्ही डोक्यावरून अंघोळ करतो. तुमच्या आईला माहीत होतं."

तुम्ही लहान होतात, असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं. पण आई माझ्याकडे रोखून बघत होती. मी जसंच्या तसं सांगितलं.

आजींनी हात सोडवून घेतला नाही.

"माहीत होतं, असंच सांगते उद्या," त्या म्हणाल्या. "आणि त्या राखेत मी बोटानं घरं काढायचे, तेही सांगते."