मोज्यांची आतली बाजू

लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत मास्तरीणबाई दर शनिवारी दुपारी विणकाम शिकवत, आणि त्यातला अर्धा वेळ नाक मुरडण्यातच जाई. त्या कुठल्याही शाळेत मास्तरीण नव्हत्या. हे नाव त्यांना वर्गातल्या बायकांनी ठेवलं होतं, आणि ते कौतुकानंच ठेवलं असणार, असा त्यांचा ठाम समज होता.

कुणी विणलेला मोजा हातात दिला की त्या वरची नक्षी बघतसुद्धा नसत. मोजा उलटा करत आणि आतली बाजू तपासत. दुरंगी नक्षी विणताना ज्या रंगाची पाळी नसते, त्याचा धागा आतून आडवा जातो. तो जरा लोंबलेला दिसला की संपलंच. हे मोजे आहेत की झोळी, असं त्या विचारत, आणि बाकीच्या बायका मान खाली घालून आपापले टाके मोजायला लागत. त्यांच्या स्वतःच्या मोज्यांची आतली बाजू मात्र पाटीसारखी सपाट असे. दर टाक्याला धागा ओढायचा, आवळायचा, आणि वर पुन्हा एकदा ओढायचा. थंडी ओसरू लागली की त्यांचा नवा जोड दुकानाच्या काचेत पुठ्ठ्याच्या पायांवर चढे. हिरवी पानं, पिवळी फुलं, पातळ सुती धागा. जिचा जोड काचेत, तिचाच वसंतातला वर्ग, असा दुकानाचा शिरस्ता होता. एकोणीस वर्षं त्या काचेवर दुसऱ्या कुणी डोळाही ठेवला नव्हता.

यंदा दुकानवालीला काय अवदसा आठवली कोण जाणे. तिनं मास्तरीणबाईंच्या धाकट्या जावेलाही एक जोड विणायला सांगितला.

धाकटी म्हणजे मास्तरीणबाईंच्या मते निव्वळ सावळागोंधळ. कुकरच्या शिट्या मोजता मोजता विणणारी, दवाखान्याच्या बाकावर विणणारी, गप्पा मारत विणणारी बाई. तिच्या आतल्या धाग्यांखालून करंगळी सहज जाई. हिचे मोजे घालायला गेलं तर बोटं अडकतील त्यात, असं मास्तरीणबाईंनी जेवताना दिरासमोरच सुनावलं. धाकटी हसून ‘बघू’ म्हणाली, आणि त्या हसण्याचाच त्यांना जास्त राग आला. वर्ग गेला तर शनिवारी दुपारी कुणाचा उद्धार करायचा? घरात त्यांचं मुकाट्यानं ऐकणारं आता कुणी उरलं नव्हतं. म्हणून या खेपेला त्यांनी धागा आणखी आवळला, अगदी बोटांना चरे पडेपर्यंत.

ठरलेल्या शनिवारी धाकटीही वर्गात येऊन बसली आणि दोन्ही जोड टेबलावर आले. मास्तरीणबाईंनी ते उलटे केले, धाकटीचा मोजा मेलेल्या उंदरासारखा चिमटीत धरून वर्गाला दाखवला, आणि असलं लोंबतं काम चारचौघांत आणायला लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. बायका कसनुशा हसल्या. दुकानवाली हसली नाही. यंदा पुठ्ठ्यावर नको, घालूनच बघते, असं म्हणून ती चपला काढून स्टुलावर बसली. तिचा पाय शाळकरी मुलीएवढा.

मास्तरीणबाईंना हा प्रकारच ओंगळ वाटला. एवढी नक्षी काढायची आणि ती पायाखाली तुडवायची! त्यांनी स्वतः कधी ते केलं नव्हतं, घरात कुणाला करू दिलं नव्हतं.

धाकटीचा मोजा सुळकन वर गेला. मास्तरीणबाईंचा बोटांवरून गेला, तळव्यावरून गेला आणि टाचेशी अडला. दुकानवालीनं ओढलं, पाय वाकडा केला, पुन्हा ओढलं. आतले धागे इतके आवळलेले होते की मोजा तसूभरही ताणला जाईना. पाय सुजला असेल तुझा, मास्तरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनीला पाय पुढे करायला फर्मावलं. तिनं पाय मागेच घेतला.

“राहू द्या बाई,” ती म्हणाली. “मी नऊ वर्षं तुमच्यासारखंच आवळून विणतेय. घरात एकाच्याही पायात मोजा गेला नाही. मला वाटायचं, आमच्याच लोकांच्या टाचा मोठ्या.”

खिडकीजवळच्या एकीनं हळूच मान डोलावली. मग तिच्या शेजारणीनं. मग सगळ्यांनीच.

मास्तरीणबाई एकेकीकडे बघत राहिल्या. मूर्ख बायका. नऊ नऊ वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. बोलायला काय झालं होतं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं, आणि कुणी बोललं असतं तर आपण तिचं काय केलं असतं, तेही त्याच क्षणी कळलं. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा संताप आला.

त्यांनी आपली खुर्ची धाकटीकडे ओढली.

“तो आतला धागा किती सैल सोडतेस, दाखव,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही सगळ्या हिच्या हातांकडे बघा. माझ्या तोंडाकडे काय बघताय?”