एका पानात वाघोबाची खिंड

आमच्या हिच्या मामांइतक्या घाईने कुठेही न जाणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात सापडायचा नाही. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. केळव्याला नारळी-पोफळीची वाडी आहे, विहीर आहे, पानवेली आहेत, मामी आहेत, सगळं जागच्या जागी आहे आणि बाहेर त्यांची वाट बघत बसलेलं कोणी नाही. तरी सकाळचा चहा पोटात गेला की मामा मोटारसायकलवर टांग टाकत आणि असे सुसाट सुटत, की बघणाऱ्याने घाबरून विचारावं, कोणाला काही झालं का? आणि जात कुठे, तर बोईसरला. तिथे स्टेशनाबाहेर उभ्याने एक कटिंग घेत, चहा पाणचट झाल्याचं चहावाल्याला न चुकता सांगत आणि तितक्याच वेगाने घरी परत येत. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीसाठी बोईसरला आलो आणि या घरचा जावई झालो. नवीन होतो, म्हणून एकदा विचारून बसलो, "मामा, रोज काय काम असतं हो तिकडे?" मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जावईबापू, तुमी देवळात जाता तेवा देव काय काम सांगतो तुमाला?" त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

ही मोटारसायकल म्हणजे जुनी, टू-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल मिसळून पाजावं लागणारी. मामा तिला 'बाय' म्हणत आणि मामी तिला 'सवत' म्हणत. तिच्या मागून निळा धूर निघे आणि पुढून मामांचं गाणं. अंतर मामा किलोमीटरमध्ये कधीच मोजत नसत, ते पानांत मोजत. घरून निघताना स्वतःच्या वाडीतलं पान लावायचं, गालात सरकवायचं आणि निघायचं. ते रंगून संपलं की पालघर. बोईसर दोन पानं. मनोर रस्त्यावरची वाघोबाची खिंड, जिथे घाट चढून गेल्यावर वाघोबाचं देऊळ लागतं, ती दीड पान. आमच्या लग्नात वऱ्हाडाच्या बसवाल्याला त्यांनी रस्ता सांगितला होता, "इथून सरळ जा, अर्ध्या पानावर आपलं इथलं माहीम लागेल." बसवाला बिचारा नाशिकचा. तो पानपट्टी शोधत तासभर फिरत होता.

मामांना नाक नव्हतं. चेहऱ्यावर होतं, चांगलं धारदार होतं, पण वास घ्यायच्या कामाला ते साफ निकामी झालं होतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात आयुष्य काढलं त्याची ती शिल्लक. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कोणीही बोलायचं नाही असा अलिखित नियम होता, कारण मामांना वाटे की कोणालाच ठाऊक नाही. ते बिंग फुटू नये म्हणून मामा वासाच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे असत. मामींनी नुसती चूल पेटवली की पडवीतून आवाज येई, "वा! काय वास सुटलाय!" एकदा मामी मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात सोडा टाकून चादरी उकळत होत्या. मामा वाडीतून आले, पातेल्यातून वाफा निघताना पाहिल्या आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "वा! कोलंबीचं कालवण!" माझं हसू बाहेर पडणार तेवढ्यात हिने मला असा चिमटा काढला की बास. मामी शांतपणे चादर ढवळत म्हणाल्या, "हो. अजून शिजायचंय."

नाकाची कसर त्यांनी कानांनी भरून काढली होती. नारळ पिकला की नाही ते टिचकीच्या आवाजावरून, पाहुणा कोण ते फाटकाच्या कुरकुरीवरून. बायच्या टाकीत ऑइल ओततानासुद्धा ते कधी बघत नसत. डबा उलटा करून मान तिरकी करायची, तीन वेळा गुडुक झालं की पुरे. आणि रिकामा झालेला डबा टाकून द्यायचा हा विचारच त्यांना मानवत नसे. तो घासूनपुसून त्यात दुसरं काहीतरी भरलंच पाहिजे. यंदा उन्हाळ्यात वाडीतल्या खोबऱ्याचं तेल गाळून आणलं तेही असल्याच एका धुतलेल्या डब्यात. सगळे डबे आपापल्या जागी लावायचं कामही त्यांनी स्वतःच केलं, मामींना हात लावू दिला नाही.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी आम्ही मनोरला एका साखरपुड्याला निघालो. बायला नव्या डब्यातले तीन गुडुक पाजून मामा तिच्यावर पुढे, मी आणि ही स्कूटरवर मागे. मागे म्हणजे फारच मागे, कारण माझा वेग बघून सासरची मंडळी मला प्रेमाने 'बैलगाडी' म्हणतात. घाट सुरू झाला तशी ही मागून म्हणाली, "अहो, इथे जंगलात कोण खोबरं भाजतंय?" मलाही वास आला होता. वळण घेतलं तर रस्त्याच्या कडेला कठड्याला टेकून मामा बसलेले, कोपर खरचटलेलं, बाय आडवी पडलेली आणि समोर चार-पाच माकडं अगदी गंभीर चेहऱ्याने बघत बसलेली. भर वेगात, चढावर, इंजिन एका क्षणात जाम झालं होतं. मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि मामा काळी रेघ ओढत कठड्यापर्यंत आले होते. आम्ही धावलो, पाणी दिलं, कोपर पुसलं. मामा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी नाय थांबवली. ती थांबली."

बोईसरच्या मेकॅनिकने इंजिन उघडलं, पिस्टन बदलला, नवीन ऑइल-पेट्रोलने टाकी गच्च भरून गाडी हातात दिली. पण का जाम झालं ते त्याला सांगता येईना. "तेल तो बराबर डाला था ना, चाचा?" मामा म्हणाले, तीन गुडुक. तो खांदे उडवून म्हणाला, "फिर क्या बोलूं? बुढ्ढी हो गई है. अब इसका भरोसा नहीं." झालं! कोपर आठवड्यात बरं झालं, पण हे वाक्य मामांच्या आत जाऊन बसलं.

काय सांगू तुम्हाला, माणूस बदलला. इंजिन जाम झालं तर क्लच दाबायचा म्हणजे चाक मोकळं होतं, हे मेकॅनिकने सांगितलं होतं. तेव्हापासून मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरून हलेनात. गाडीवर तर नाहीतच, घरीसुद्धा नाहीत. चहाचा कप धरला तरी दोन बोटं पुढे काढलेली. आरतीची घंटा वाजवतानाही तेच. मामींनी मिक्सर लावला आणि तो जरा घुरघुरला, की सोफ्यावर बसल्या बसल्या मामांची ती दोन बोटं झपकन मिटत. रस्त्यावर ते सायकलच्या वेगाने जाऊ लागले. पालघरला तीन पानं लागायला लागली. चुन्याने तोंड भाजलं. सातपाटीची एक मासेवाली स्कूटरवर मागे टोपल्या बांधून निघाली होती, ती मामांना मागे टाकता टाकता ओरडली, "काका, कडेला घ्या, माझा पापलेट म्हातारा होईल!" ज्या माणसाला या तालुक्यात कोणी ओलांडलं नव्हतं त्याला पापलेटाने ओलांडलं. मामा घरी आले ते जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की बाय विकायची. वसईच्या एका हौशी तरुणाला जुन्या गाड्या जमवायचा नाद होता, तो दिवाळीआधीच्या रविवारी येऊन घेऊन जाणार होता. मला वाटलं, मामी सुटकेचा निःश्वास टाकतील. जन्मभर सवत सवत म्हणून बोटं मोडली होती ना! पण मामी मला पोफळीखाली गाठून म्हणाल्या, "कायतरी करा हो जावईबापू. ती गेली तर हे घरात बसतील. मग मी कुठं जाऊ?" आणि एवढं बोलून डोळ्याला पदर लावला. मी बैलगाडी चालवणारा माणूस, मी काय करणार? त्या रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मुद्दाम केळव्याला मुक्कामाला गेलो, एवढंच माझ्या हातात होतं.

संध्याकाळी मामींनी खोबरेलाचा नवा डबा फोडला आणि तुळशीपुढे दिवा लावला. आम्ही हात जोडले. वात तडतडली, काळा धूर निघाला आणि अंगणात असा काही वास पसरला की मी डोळे उघडून फाटकाकडे पाहिलं. मला वाटलं, कोणीतरी मोटारसायकलवरून आलं. फाटकात कोणी नव्हतं. हिने माझ्याकडे पाहिलं, मामींनी हिच्याकडे पाहिलं. तुळशीखालून बायचा वास येत होता. आणि मामा डोळे मिटून, छाती भरून श्वास घेऊन म्हणाले, "वा! घरच्या खोबरेलाचा वास काय सात्त्विक असतो!"

आता हसावं की रडावं? मामी मात्र तडक उठल्या, पडवीत गेल्या, बायच्या ऑइलचा डबा उघडला, बोट बुडवलं, हुंगलं आणि ते बोट सरळ आपल्या केसांना पुसलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "खोबरेल इथं हाय. सवतीला तुमी खोबरेल पाजलंत."

मामांनी दोन्ही डब्यांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या हे मला स्पष्ट दिसत होतं. डबे बदललेच नाहीत म्हणावं, तर नाक शाबूत राहत होतं आणि बाय म्हातारी ठरून वसईला जात होती. बदलले म्हणावं, तर बाय निर्दोष सुटत होती, पण मग दिव्याच्या वासाला 'वा' कसं म्हटलं, ते सांगावं लागलं असतं. मामा पायरीवर बसले. मग खाली बघत हळूच म्हणाले, "मला वास येत नाय."

"ठाऊक हाय," मामी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुमी माझ्या चादरींचं कालवण केलंत ना, त्याच्या कितीतरी आधीपासून."

मामांनी मान वर केली. एवढ्या वर्षांचं ओझं एका पायरीवर उतरल्यासारखे ते हसायला लागले. हसता हसता एकदम उभे राहिले. "मंजे म्हातारी नाय ती! अगो, बायचा काय दोषच नाय!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, सकाळी लवकर उठायचं. तुमचं नाक पायजे मला."

सकाळी मी बायच्या मागच्या सीटवर बसलो ते देवाचं नाव घेऊनच. हुकूम स्पष्ट होता. "खोबऱ्याचा वास आला तर पाठीवर थाप मारायची. नाय आला तर गप बसायचं." मामांनी पान गालात सरकवलं आणि आम्ही निघालो. माहीमपर्यंत ते जपून चालवत होते. त्यांच्या खांद्यावरून मला ती दोन बोटं क्लचवर ताठ दिसत होती. पालघर मागे पडलं, मनोरचा रस्ता लागला, घाट सुरू झाला. "वास?" मामा ओरडले. "नाही!" मी ओरडलो. ते वळण आलं. कठड्याजवळची काळी रेघ पुसट झाली होती, पण होती. मामांची पाठ ताठ झाली. "वास?" "नाही मामा, जाऊ दे!" हे मी म्हणालो, मी, बैलगाडीवाला! आणि मी पाहिलं, क्लचवरचं एक बोट सुटलं, मुठीत गेलं. मग दुसरंही गेलं. मूठ मिटली आणि बाय अशी उसळली की माझी टोपी वाघोबाला अर्पण झाली. एक ट्रक मागे गेला, दोन चारचाकी मागे गेल्या, माकडं झाडावर चढली. मी किंचाळत होतो. घाबरून की आनंदाने, ते आजही मला सांगता येत नाही.

देवळापाशी मामांनी गाडी थांबवली, खाली उतरले, गाल पुढे करून मला दाखवला आणि दोन्ही हात वर करून अख्ख्या खिंडीला ऐकू जाईल असं ओरडले, "तेच पान हाय! अजून संपलं नाय!" तिकडे केळव्यात वसईचा तरुण दारात उभा होता आणि मामी त्याला सांगत होत्या, "हे देवळात गेलेत. उशीर होईल. तुमी जा."

मग मामा बायजवळ उकिडवे बसले. सायलेन्सरमधून अजून थोडा धूर निघत होता. "जावईबापू, कसा येतोय वास? नीट सांगा." मी सांगितलं, जळक्या ऑइलचा, पेट्रोलचा, तापलेल्या लोखंडाचा. त्यांनी डोळे मिटले. "मामीला लग्नानंतर पहिल्यांदा मागे बसवून आणली ना, तेवा हाच येत होता," ते म्हणाले आणि बायच्या टाकीवरून हात फिरवला.

आता दर रविवारी मामांना माझं नाक लागतं. मी मागे बसून वास सांगत जातो, मिठागराचा, ओल्या भाताचा, सुकत घातलेल्या बोंबलांचा. पण त्यांचा वेग असा, की मी वासाचं नाव घेईपर्यंत ते गाव मागे गेलेलं असतं. परवा मात्र आम्ही परत येत होतो, केळव्यात शिरलो आणि घर जवळ आलं तसा मी ओरडलो, "मामा, मामी कोलंबीचं कालवण करतायत!" मामांनी गाडी हळू केली. कोणी सांगितलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं, आपणहून हळू केली. फाटकापर्यंत ते सावकाश, मान वर करून आले आणि म्हणाले, "वा!" इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच वेळेवर म्हणाले.