काकांचा रिपोर्ट

आमच्या काकांइतका बनेल माणूस भिवंडी तालुक्यात दुसरा नाही. त्यांनी स्वतःच्या रक्तालाही कधी खरं बोलू दिलं नाही. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राहायला पूर्णा गावात, वय अठ्ठ्याहत्तर. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं असलं की चार दिवस आधी घरात मटण बंद, सुके बोंबील बंद, नुसता उकडलेला दुधी. माझे टेम्पो आहेत. आरटीओत गाडीच्या पासिंगला कुणाचे तरी चांगले टायर मागून लावायचे आणि तपासणी उरकली की काढून परत द्यायचे, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. काकांनी ती देहाला लावली. रक्त दिलं की लॅबच्या पायरीवरच वडापाव. आकडे चांगले आले की कागद पिशवीत घालून अख्ख्या आळीत फिरत, "बघ रं, कोलेस्ट्रॉल पास!" साखर जास्त निघाली तर लॅबमधल्या मुलीशी घासाघीस, "बाय, एकशे वीस कशाला, शंभर लिव ना." मीही एका जुन्या टेम्पोवरून इथवर आलो तो घासाघीस करूनच. त्यामुळे मला त्यांचं कौतुक वाटे. हसायचो मी.

गेल्या महिन्यात मानकोलीच्या गोदामात माल उतरवून घेताना माझ्या छातीत कळ आली. स्टेंट टाकावा लागला. डॉक्टरांनी रक्तातलं लायपोप्रोटीन-ए नावाचं काहीतरी तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे आईबापांकडून येतं, पथ्यपाण्याने हलत नाही. घरात आणखी कुणाला आहे?"

काका खाटेशेजारीच बसले होते. खाली बघत म्हणाले, "माजा बी असाच हाय. पाच वर्सं झाली. डाक्टरनं भावाला, पुतन्याला तपासा म्हनून सांगितलेलं."

सलाईन लावलेल्या हातानेच मी पाण्याचा पेला भिरकावला. "अख्ख्या आळीला रिपोर्ट दाखवलेत, काका! हा कागद कुठे होता?"

"गादीखाली."

"का?"

"तुज्या पोराची सोयरीक चाललेली. रगतात खोट हाय म्हटल्यावर पोरगी कोनी दिली असती? आनि तुला सांगून आकडा उतरनार होता काय?"

आकडा उतरला नसता. पण मी बिडी सोडली असती, गोळ्या वेळेवर सुरू केल्या असत्या. निम्मं हृदय कमजोर करून घेतल्यावर हे कळण्यात काय अर्थ? घरी आल्यावर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

काल माझा मुलगा रक्त देऊन आला. सुनेला आधी सगळं सांगितलं, मगच पाठवला. रिपोर्ट संध्याकाळी माझ्या मोबाइलवर येणार होता. काका न बोलावता आले आणि ओट्यावर बसले. मी तोंड फिरवलं. तासभर आम्ही दोघं त्या फोनकडे बघत होतो.

"आला?" त्यांनी एकदाच विचारलं.

"न्हाय."

बशीत ओतलेला चहा त्यांनी न पिताच ओट्यावर ठेवला. माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, होणारही नाही. पण दिवेलागणीला ते काठी टेकत उठायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "बसा. येईल इतक्यात."